मोरेट्टीची करंगळी: 2019 च्या कॉलेज बास्केटबॉल फायनलमधला एक रिव्ह्यू

8 एप्रिल 2019, मिनिआपोलिसचं यू. एस. बँक स्टेडियम. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची पुरुषांची फायनल बघायला 72 हजारांच्या वर माणसं आली होती. एका बाजूला व्हर्जिनिया, दुसऱ्या बाजूला टेक्सास टेक. हे विजेतेपद तोवर दोघांपैकी कुणालाही मिळालेलं नव्हतं. 40 मिनिटांचा खेळ 68-68 असा बरोबरीत सुटला आणि 5 मिनिटांचा जादा वेळ सुरू झाला. त्यातलं 1 मिनिट 6 सेकंद उरलं असताना व्हर्जिनिया 75-73 असा दोन गुणांनी पुढे होता.

अशा वेळी एक चेंडू मोकळा सुटला. टेक्सास टेकचा इटालियन गार्ड डाविडे मोरेट्टी त्यामागे जिवाच्या आकांताने धावला आणि त्याने तो गाठला. तेवढ्यात व्हर्जिनियाच्या डिआंद्रे हंटरचा हात मध्ये आला, चेंडूला फटका बसला आणि चेंडू रेषेबाहेर गेला. पंचांनी चेंडू टेक्सास टेकला दिला. स्टेडियममधल्या बहुतेकांना आणि टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्यांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही. हंटरने चेंडू बाहेर घालवला, म्हणून चेंडू समोरच्यांचा.

मग पंच मॉनिटरकडे गेले. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतली दृश्यं मागेपुढे करून, थांबवून, मोठी करून पाहिली गेली. अतिसंथ गतीत दिसलं ते असं: हंटरच्या हाताचा फटका बसल्यावर चेंडू निसटता निसटता मोरेट्टीच्या करंगळीला घासून गेला होता. त्याला शेवटचा स्पर्श मोरेट्टीचा. पंचांनी निर्णय फिरवला आणि चेंडू व्हर्जिनियाला दिला. त्यानंतर टेक्सास टेकला बरोबरी साधता आली नाही. व्हर्जिनियाने जादा वेळेतले 12 च्या 12 फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे नेम) बास्केटमध्ये टाकले आणि सामना 85-77 असा जिंकला.

नियमाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, हे आधीच सांगून टाकतो. पंचांनी कुणावर मेहेरबानी केली नाही, हलगर्जीपणा केला नाही, नियमाबाहेरही ते गेले नाहीत. इतक्या वर्षांनंतरही या एका रिव्ह्यूवर लिहावंसं वाटतं ते नेमकं याच कारणाने. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं आणि तरीही जे घडलं ते बास्केटबॉल खेळलेल्या माणसाच्या गळी उतरत नाही. असं का होतं, त्याचा हा शोध आहे.

शेवटची दोन मिनिटं आणि आधीची अडतीस

कॉलेजचे सामने एनसीएए या संघटनेच्या नियमांनी चालतात. चेंडू बाहेर गेला आणि तो कुणाचा यावर शंका असली तर पंचांनी मॉनिटर बघावा, ही मुभा पुरुषांच्या खेळात 2013-14 च्या मोसमात आली. मात्र ती सामन्याच्या अखेरच्या 2 मिनिटांपुरती आणि जादा वेळेसाठी होती. तोवर मॉनिटरचा उपयोग मुख्यतः घड्याळ, वेळ संपण्याआधी चेंडू हातातून सुटला का, बास्केट दोनची की तीनची, मारामारी, अशा गोष्टींसाठी होत असे. मैदानावरचा निर्णय फिरवायचा तर दृश्यात तसं स्पष्ट दिसलं पाहिजे, नाहीतर मूळ निर्णय कायम राहतो, ही अटही होतीच.

मर्यादा घालण्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. प्रत्येक आउटवर, म्हणजे चेंडू रेषेबाहेर गेला की दरवेळी, मॉनिटर बघायचा म्हटलं तर सामना संपायचाच नाही. म्हणून जिथे चूक सर्वांत महाग पडते तिथेच कॅमेऱ्याची मदत घ्यायची, असं ठरलं.

पण त्यातून एक गोष्ट नकळत घडली. बास्केटबॉलमध्ये चेंडू आउट कुणावर, हे ठरवणारा लिखित नियम एकच आहे: बाहेर जाण्याआधी ज्याने शेवटचा स्पर्श केला त्याच्याविरुद्ध. प्रत्यक्ष खेळात मात्र तो शब्दशः कधीच लावला जात नव्हता. कॉलेजच्या कोर्टवर चार दिवस खेळलेल्या कुणालाही विचारा. तुमच्या हातात चेंडू आहे, समोरच्याने थाप मारून तो बाहेर उडवला, तर चेंडू तुमचा. थाप बसल्यावर तो तुमच्या बोटाच्या टोकाला हजारांश सेकंदभर चिकटून गेला का, हे कुणी विचारत नाही. दोन्ही संघांचे खेळाडू निमूटपणे जागेवर येतात. पंचही तेच देतात, कारण डोळ्यांना तेवढंच दिसतं.

यात शरीररचनेचाही भाग आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय हा वाद कळत नाही. बास्केटबॉल हातात धरताना बोटं चेंडूच्या गोलाईवर पसरलेली असतात. बाहेरून झटका बसला की चेंडू तळव्यातून सुटतो, पण तो बोटांच्या पेरांवरून घरंगळत जातो. फटका मारणाऱ्याचा हात झटकन येतो आणि निघून जातो, ज्याच्या हातात चेंडू होता त्याची बोटं मात्र अजून चेंडूलाच लागून असतात. म्हणजे चेंडू हिसकावला जाताना पुष्कळदा शेवटचा स्पर्श ज्याच्याकडून हिसकावला त्याचाच ठरेल. मोरेट्टीच्या करंगळीचं जे झालं तो अपवादाने घडलेला चमत्कार नव्हता. तसं प्रत्येक सामन्यात अनेकदा होत असणार, फक्त तिथे कॅमेरा लावून कुणी बघत नाही.

म्हणजे 38 मिनिटं एक नियम चालतो, थाप मारणाऱ्याविरुद्ध आउट देण्याचा. आणि शेवटच्या 2 मिनिटांत, मॉनिटर उघडला की, दुसराच लागू होतो, ज्याची करंगळी शेवटी लागली त्याच्याविरुद्ध आउट देण्याचा. नियमपुस्तकात एक अक्षर बदललं नाही, पण खेळ बदलला. बचाव करणाऱ्याला सामन्याच्या सर्वांत नाजूक घटकेला एक नवं हत्यार मिळालं: चेंडूवर हात मारा, तो बाहेर गेला तरी तुमचाच होण्याची बरीच शक्यता आहे.

माझी तक्रार याबद्दल आहे. रिप्लेमुळे पंचांची चूक दुरुस्त होते, असं आपण धरून चालतो. मिनिआपोलिसमध्ये पंचांची चूक झालेलीच नव्हती. वर्षानुवर्षं जो निर्णय सगळ्यांना मान्य होता तोच त्यांनी दिला होता, आणि कॅमेऱ्याने त्या रूढीच्या जागी तिच्यापेक्षा वेगळी मोजपट्टी आणून ठेवली.

दोनच दिवसांआधी, त्याच मैदानावर

या प्रकरणाची दुसरी बाजू बघायला लांब जावं लागत नाही. 6 एप्रिलला याच स्टेडियममध्ये व्हर्जिनियाची सेमीफायनल ऑबर्नशी झाली. शेवटच्या काही सेकंदांत ऑबर्न 62-60 असा पुढे होता. व्हर्जिनियाचा टाय जेरोम चेंडू घेऊन पुढे येत होता. चेंडू त्याच्याच टाचेवर आपटून उडाला, त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा ड्रिबल सुरू केला. डबल ड्रिबल, म्हणजे टप्पे टाकणं थांबवून चेंडू धरल्यावर पुन्हा टप्पे टाकण्याचा नियमभंग. शाळेतल्या पोरालाही कळेल असा. पंचांना तो दिसला नाही आणि शिट्टी वाजली नाही. लगेच ऑबर्नने मुद्दाम फाउल केला, घड्याळात 1.5 सेकंद उरला होता.

व्हर्जिनियाने चेंडू आत टाकला. कोपऱ्यातून काइल गायने तीन गुणांसाठी उडी घेतली आणि ऑबर्नचा समीर डाउटी त्याच्या अंगावर गेला. फाउल, 0.6 सेकंद बाकी, तीन फ्री थ्रो. गायने तिन्ही टाकले. 63-62. ऑबर्न स्पर्धेतून बाहेर.

गायवरचा फाउल योग्य होता, असंच माझं मत आहे. हवेत असलेल्या नेमबाजाला जमिनीवर उतरायला जागा द्यावीच लागते, आणि ती त्याला मिळाली नाही. दुखणं आहे ते डबल ड्रिबलचं. तो घरोघरी टीव्हीवर लोकांनी पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. पंचांच्या टेबलाजवळही मॉनिटर होता. पण डबल ड्रिबल, ट्रॅव्हल (टप्पा न टाकता चेंडू घेऊन जादा पावलं टाकणं), साधा फाउल या गोष्टी रिव्ह्यूच्या कक्षेत येतच नव्हत्या. घड्याळ दशांश सेकंदापर्यंत दुरुस्त करायची सोय नियमात होती, आणि त्या दशांशांच्या थोडं आधी झालेलं उघड उल्लंघन बघण्याची नव्हती.

दोन सामने शेजारी शेजारी ठेवून बघा. शनिवारी उघड्या डोळ्यांना दिसणारी चूक तशीच राहिली, कारण ती बघायला मनाई होती. सोमवारी कुठल्याही डोळ्याला न दिसणारी करंगळी निर्णायक ठरली, कारण ती बघायला परवानगी होती. दोन्ही वेळा फायदा एकाच संघाचा झाला, हा योगायोग. व्हर्जिनियाच्या मुलांचा त्यात काही दोष नाही. आदल्याच वर्षी, 2018 मध्ये, हाच संघ पहिल्या मानांकनावर असताना सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून 74-54 असा हरला होता. पुरुषांच्या स्पर्धेत असं पूर्वी कधीच झालेलं नव्हतं. तिथून वर्षभरात विजेतेपदापर्यंत पोचणं ही खरोखर मोठी कामगिरी आहे. फायनलमध्ये हंटरने 27 गुण केले. 68-68 ची बरोबरी त्याच्या तीन गुणांच्या बास्केटने झाली आणि जादा वेळेत 75-73 ची आघाडीही त्याच्याच तीन गुणांनी मिळाली. असा खेळाडू कुणाच्या करंगळीच्या भरवशावर खेळत नसतो.

समोरची बाजू

रिव्ह्यूच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. नियम शेवटच्या स्पर्शाचा आहे. शेवटचा स्पर्श कुणाचा हे चित्रात दिसलं. दिसल्यावर डोळे मिटून घ्यायचे का? विजेतेपदाच्या सामन्यात आम्हाला सत्य ठाऊक होतं पण आम्ही रूढीप्रमाणे उलट निर्णय दिला, असं व्हर्जिनियाच्या मुलांना सांगता आलं असतं का?

हा युक्तिवाद हलका नाही. एकदा मॉनिटर उघडल्यावर त्या पंचांसमोर दुसरा मार्गच उरला नव्हता. करंगळी घासलेली दिसत असताना त्यांनी निर्णय कायम ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर बरोबर उलट टीका झाली असती, आणि तीही रास्त ठरली असती. त्यामुळे पंचांना बोल लावणाऱ्यांशी मी सहमत नाही.

प्रश्न मॉनिटर उघडण्याच्या आधीचा आहे. कॅमेऱ्याला विचारायचं काय, हे कुणी ठरवलं? नेहमीच्या टीव्ही प्रक्षेपणात सेकंदाला साधारण 60 चित्रं असतात, अतिसंथ गतीच्या कॅमेऱ्यात त्याहून कितीतरी जास्त. चेंडू बाहेर कुणी घालवला, हे त्या चित्रांना विचारता येत नाही. कारण आणि परिणाम चित्रात दिसत नाहीत, स्पर्श दिसतो. म्हणून आपण स्पर्शाबद्दल विचारतो, आणि मग स्पर्श हाच सगळा न्याय होऊन बसतो. चेंडू घालवला हंटरच्या हाताने. मोरेट्टीची करंगळी तिथे फक्त होती.

त्यात भर अशी की हा रिव्ह्यू करताना पंचांना साधा फाउल देता येत नव्हता. हिसकावताना चेंडू धरलेल्या हातालाच थोडं लागलं तर बास्केटबॉलमध्ये तो फाउल धरत नाहीत, हे खरं. पण मनगटाला किंवा दंडाला फटका बसून चेंडू सुटला आणि तो मॉनिटरवर ढळढळीत दिसला, तरी पंचांनी फाउलकडे दुर्लक्ष करून फक्त बोटं बघायची, असा हा नियम. मिनिआपोलिसमध्ये फाउल झाला होता असं मी म्हणत नाही. पण एकाच चित्रातली निम्मी माहिती वापरायची आणि निम्मी झाकून ठेवायची, या पद्धतीला सत्याचा शोध म्हणणं मला जड जातं. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगला, एनबीएला, ही अडचण उमगली असावी. तिथे 2024-25 पासून, आउटच्या निर्णयाला प्रशिक्षकाने आव्हान दिलं तर त्याच क्षणी घडलेला आणि न दिलेला फाउलही पंच देऊ शकतात.

क्रिकेट बघणाऱ्या मराठी वाचकाला यातली एक गोष्ट ओळखीची वाटेल. पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला तर मैदानावरच्या अंपायरचा निर्णय कायम राहतो. पण ती तुलना इथे पुरती बसत नाही, कारण तिथे चेंडू पुढे कुठे गेला असता याचा अंदाज असतो आणि इथे घडून गेलेला स्पर्श आहे. जास्त जवळचं उदाहरण जमिनीलगतच्या झेलाचं. जून 2023 मध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये कॅमेरॉन ग्रीनने शुभमन गिलचा झेल घेतला, तेव्हा चित्र थांबवून मोठं करणाऱ्या प्रत्येकाला चेंडू वेगळ्या ठिकाणी दिसला. चित्र जितकं संथ, तितका निकाल निर्विवाद, असं होत नाही.

कॉलेज बास्केटबॉलमध्येही हे आधी दिसून गेलेलं होतं. 27 मार्च 2005 ला ऑस्टिनमध्ये केंटकीच्या पॅट्रिक स्पार्क्सने मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटच्या क्षणी मारलेला चेंडू रिंगवर आपटत आपटत आत पडला. त्याच्या बुटाचं टोक तीनच्या रेषेला लागलं होतं का? पंच कितीतरी मिनिटं मॉनिटरला चिकटून होते. सगळा देश तेच चित्र बघत होता आणि ज्याला जे हवं तेच त्याला दिसत होतं. खात्री पटेना, म्हणून तीन गुणांचा मूळ निर्णय कायम राहिला, 75-75 अशी बरोबरी झाली आणि पुढे दोन जादा वेळांनंतर मिशिगन स्टेटने 94-88 असा विजय मिळवला. तो रिव्ह्यू लांबला, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. रेषा जमिनीवर आखलेली आहे, पाय तिच्यावर आहे की नाही हा प्रश्न पहिल्या मिनिटालाही तोच आणि चाळिसाव्या मिनिटालाही तोच. वेळ संपल्याचा लाल दिवा आणि हातातून सुटणारा चेंडू यांचंही तसंच. अशा प्रश्नांसाठी कॅमेरा हवाच.

त्या एका चेंडूने सामना फिरला का

टेक्सास टेकच्या चाहत्यांना आवडणार नाही, पण नुसत्या त्या चेंडूने सामना गेला असं म्हणता येत नाही. चेंडू त्यांच्याकडे राहिला असता तर 66 सेकंद, 2 गुणांची पिछाडी आणि एक संधी एवढंच त्यांच्या हाती होतं. त्या रात्री त्यांचा मुख्य खेळाडू जॅरेट कल्व्हर याचे 22 पैकी 5 च नेम लागले होते. प्रशिक्षक क्रिस बेअर्डच्या या संघाने सेमीफायनलमध्ये मिशिगन स्टेटला 51 गुणांवर रोखलं ते बचावाच्या जोरावर, आणि फायनलच्या जादा वेळेत त्यांना फाउल करून घड्याळ थांबवावं लागलं तेव्हा समोरून एकही फ्री थ्रो चुकला नाही.

पण शेवटच्या मिनिटात दोन गुणांनी मागे असणं आणि चेंडू हातात असणं, आणि दोन गुणांनी मागे असणं व चेंडू समोरच्याकडे असणं, या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. पहिल्यात तुम्ही खेळता, दुसरीत तुम्ही पाठलाग करता. शिवाय रिव्ह्यू चालू असताना दोन्ही संघ बाकाजवळ जमतात, पाणी पितात, प्रशिक्षक पुढची चाल समजावून सांगतात. टाइमआउट खर्च न करता मिळालेला हा टाइमआउट असतो. जीव तोडून धावून चेंडू गाठणाऱ्या मोरेट्टीने जो वेग आणला होता, तो निर्णय फिरण्याआधीच, उभ्या उभ्या थंड झाला.

त्यानंतर

2019-20 पासून अखेरच्या 2 मिनिटांत गोलटेंडिंगचा (बास्केटकडे खाली येणारा चेंडू नियमाबाहेर अडवल्याचा) दिलेला निर्णयही मॉनिटरवर तपासता येऊ लागला. मोठा बदल पुरुषांच्या खेळात 2025-26 च्या मोसमासाठी झाला. आता चेंडू आउट कुणाचा, यासाठी पंच स्वतःहून मॉनिटरकडे जात नाहीत. प्रशिक्षकाने आव्हान द्यायचं, तेही सामन्यात कधीही. त्यासाठी हातात एक टाइमआउट शिल्लक हवा. आव्हान बरोबर ठरलं तर आणखी एक मिळतं, चुकलं तर त्या सामन्यापुरता हक्क संपला.

मला हा बदल मनापासून आवडला, आणि त्यातली एक गोष्ट विशेष. शेवटच्या दोन मिनिटांची भिंत पडली. पाचव्या मिनिटाला हिसकावलेल्या चेंडूलाही आता तीच मोजपट्टी लागू शकते. संख्येची मर्यादा असल्यामुळे किरकोळ शंकांसाठी कुणी आव्हान वाया घालवणार नाही, आणि थांबे कमी होतील.

अजून एक पाऊल पुढे जायला हवं, असं मला वाटतं. हातातला चेंडू विरोधकाने थाप मारून किंवा झटका देऊन बाहेर घालवला तर आउट थाप मारणाऱ्याविरुद्ध, सुटताना चेंडू कुणाच्या बोटाला घासला हे बघायचं नाही, असं एक वाक्य नियमात घालता येईल. यात पंचांच्या समजुतीवर भार येतो, हे मान्य. दोन खेळाडूंच्या धडकेत दोष चढाई करणाऱ्याचा (चार्जिंग) की वाट अडवणाऱ्याचा (ब्लॉकिंग) हे ठरवताना तो रोजच येतो. मोकळ्या चेंडूसाठी, दोघांपैकी कुणाच्याच ताब्यात नसलेल्या चेंडूसाठी, शेवटच्या स्पर्शाचा नियम राहू द्यावा.

तोपर्यंत 8 एप्रिलचा तो प्रसंग आजच्या नियमांनी खेळवून बघितला तर असं होईल: पंच चेंडू टेक्सास टेकला देतील आणि मॉनिटरकडे जाणार नाहीत. व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांना काही सेकंदांत ठरवावं लागेल, टाइमआउट पणाला लावायचा की नाही. नुसत्या डोळ्यांनी करंगळी दिसलेली नसणार, पण हिसकावलेला चेंडू बहुधा समोरच्याच्याच बोटांवरून निसटतो हे एव्हाना प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक आहे. ते आव्हान देतील. पंच तेच चित्र तितक्याच संथ गतीत बघतील आणि चेंडू पुन्हा व्हर्जिनियालाच मिळेल.